नोबुची खेळी

आमच्या तिसऱ्या आळीत अडतीस घरं आहेत आणि समितीचा अध्यक्ष व्हायला त्यातलं एकही तयार नसतं. मी याच बंदरात जन्मलो, इथेच चव्वेचाळीस वर्षं बोटींची इंजिनं दुरुस्त केली. एवढ्या काळात आपणहून अध्यक्ष झालेला माणूस मी पाहिला नाही. काम तसं अवघड नाही. कचऱ्याच्या दिवशी सकाळी साडेसहाला कोपऱ्यावर उभं राहायचं. कावळ्यांनी जाळी उचकटली असेल तर ती परत अंथरायची. कोणी बाटल्यांच्या पिशवीत खेकड्याची कवचं टाकली असतील तर ती कोणाच्या घरची हे शोधून काढायचं, आणि त्या घराला राग येणार नाही, किंबहुना आपल्याला काही सांगितलं हेही कळणार नाही, अशा रीतीने सांगायचं. हे ज्याला जमतं त्याला आळीचा नाही, देशाचा कारभार द्यायला हवा.

मावळते अध्यक्ष ओदानीसान डिसेंबरात गुडघा दुखतो म्हणून ओसाकाला मुलीकडे गेले. नवा अध्यक्ष ठरला की त्यांचा गुडघा बरा होईल, असं आळीत सर्वांचं मत होतं.

यंदाची निवड आमच्या कोपऱ्यातल्या चार घरांतून व्हायची होती. हातोरी, ओत्सुबो, इगाराशी आणि मी, कुवाबारा. खरं तर गेल्या वर्षीच आमचा क्रम होता. पण त्या जानेवारीत माझी बायको नोबुए वारली, आणि दुखवट्याच्या घराला वर्षभर असलं काही सांगत नाहीत. म्हणून आमचा सगळा कोपराच एक वर्ष पुढे ढकलला गेला. बाकी तिन्ही घरांनी त्या वर्षी मला फार मनापासून धीर दिला.

पूर्वी निवड हाताच्या खेळाने व्हायची, दगड-कागद-कात्री. मग एका वर्षी एकाने खांदा निखळलाय म्हणून हात बाहेरच काढला नाही. त्यानंतर काड्या आल्या. आखूड काडी ज्याच्याकडे तो अध्यक्ष. आमच्या कोपऱ्याच्या शेवटच्या खेपेला चौघांनी मुठी उघडल्या तर चारही काड्या लांब. आखूड काडी कुठे गेली ते अजून कळलेलं नाही. त्या दिवशी ओत्सुबोसानला एवढा खोकला का आला होता, हे मात्र लोक अजून विचारतात. ओत्सुबोसानचं कोपऱ्यावर टोफूचं दुकान आहे. ते म्हणतात, सोयाबीनची धूळ.

हातोरीसान जिल्हा कार्यालयाच्या रस्ते विभागातून निवृत्त झाले. रस्त्यावरच्या पाट्या कुठे लावाव्यात याचे नियम त्यांनी पस्तीस वर्षं लिहिले. आळीच्या समितीला एक नियम उपसमिती आहे. तिच्यात ते एकटेच आहेत, त्यामुळे तिचे सगळे ठराव एकमताने होतात. यंदा जानेवारीत नोबुएच्या वर्षश्राद्धाला ते उदबत्ती लावायला आले. देव्हाऱ्यातल्या तिच्या फोटोसमोर हात जोडले, घंटी वाजवली, आणि उठताना त्यांचं लक्ष टीव्हीकडे गेलं. रविवार होता. मी खेळ लावलेला होता.

खेळाचं नाव 'बारा बंदरं'. नोबुएने तो बंद होणाऱ्या एका जुन्या दुकानातून आणला. खोक्यावर पटाचं चित्र बघून तिला तो लाकडी पट वाटला होता. घरी येऊन उघडलं तर आतून वायरी निघाल्या. परत द्यायला गेलो तर दुकान बंद झालेलं. म्हणून खेळायला लागलो.

पडद्यावर समुद्र असतो आणि किनाऱ्याने बारा बंदरं. चार बोटी. फासा टाकायचा आणि पडेल तितकी घरं आपली बोट पुढे न्यायची. वाऱ्याच्या घरात गेलो तर बोट आणखी पुढे ढकलली जाते, भोवऱ्याच्या घरात गेलो तर तीन घरं मागे. काही ठिकाणी वाट दुभंगते, तिथे कुठे वळायचं ते आपण ठरवायचं. बंदरात जी बोट पहिली पोचेल तिला एक कंदील. चौघांनी एकेकदा फासा टाकला की महिना संपतो, आणि दर दुसऱ्या महिन्याला चौघांची छोटी शर्यत लागते. माकूळ मासे वाळत घालायचे, चूल फुंकायची, ढोल बडवायचा, असलं काहीतरी. ती जिंकेल त्यालाही कंदील. बारा महिन्यांचं वर्ष. वर्ष संपलं की कंदील मोजून त्या वर्षाचा विजेता दाखवतात. अशी शंभर वर्षं झाली की डाव संपतो. खेळणारे दोघंच असतील तर उरलेल्या दोन बोटी यंत्र चालवतं. आमच्या डावात बोटींना आमचीच नावं होती, माझी शिगे, तिची नोबु, आणि यंत्राच्या दोन बोटींची नावं तिने खेकडा आणि बगळा अशी ठेवली होती.

दर रविवारी जेवण झालं की आम्ही एक वर्ष खेळायचो. एकसष्ट वर्षं झाली. मग ती दवाखान्यात गेली आणि परत आली नाही.

त्यानंतर मी पहिल्यांदा यंत्र लावलं तेव्हा पडद्यावर प्रश्न आला, दुसरा कंट्रोलर कोणाच्या हातात नाही, ही बोट यंत्राने चालवावी का. मी 'हो' दाबलं. तेव्हापासून तिची लाल बोट यंत्र चालवतं. ते तिच्यासारखं खेळत नाही. वाट दुभंगली की ती म्हणायची, "अहो, कुठे वळू सांगा ना," आणि मी सांगितलं की बरोबर दुसरीकडे वळायची. यंत्र विचारत नाही. ती बोट म्हणजे नोबुए नव्हे, एवढं मला कळतं. जन्म यंत्रांतच गेला माझा. पण तिचा क्रम आला की पडद्यावर मोठ्या अक्षरांत येतं, 'नोबुची खेळी'. घरात आता तिचं नाव दुसरं कोणी घेत नाही.

मी रविवारी एकच महिना खेळतो. तसं केलं की डाव पुरतो. तिच्यामागे, या मार्चपर्यंत, चौदा महिन्यांत पाच वर्षं झाली, म्हणजे सहासष्ट. चौतीस उरली. या गतीने पावणेआठ वर्षं जातील. मी तेव्हा ऐंशीचा असेन, पुढचं पुढे.

हातोरीसानने हे सगळं ऐकून घेतलं. म्हणजे नियमांचा भाग ऐकून घेतला. देव्हाऱ्यासमोरच वही काढली आणि विचारलं की फासा पक्षपात करतो का, मोजणी कोण करतं, आणि निकालाची नोंद राहते का. यंत्र मोजतं आणि यंत्रच नोंद ठेवतं, असं मी म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, "या यंत्राला खोकला येत नाही, कुवाबारासान." आणि राहिलेला चहा न पिता गेले.

फेब्रुवारीत नियम तयार झाले. चौदा पानं. खेळाच्या बरोबर आलेली पुस्तिका सहा पानांची होती. पहिलाच मोठा प्रश्न होता की अध्यक्ष जिंकणाऱ्याने व्हायचं की हरणाऱ्याने. सगळ्यांच्या मनात हरणाऱ्याने हेच होतं, कारण शिक्षा हरणाऱ्याला होते. पण हातोरीसानचं म्हणणं पडलं की त्याने पदाचा अपमान होईल, जिल्हा कार्यालयात आपण काय तोंड दाखवणार. पदाचा अपमान करावा असं कोणी उघड कसं म्हणेल. तेव्हा ठरलं की जो जिंकेल तो अध्यक्ष. झालं, चार सभ्य माणसं मन लावून हरायच्या तयारीला लागली.

यानंतर आली फिरती फाइल. एक पुठ्ठा असतो, त्याला चिमट्याने समितीचे कागद लावलेले असतात. तो घराघरातून फिरतो. कागद वाचायचे, आपल्या नावासमोर शिक्का मारायचा, आणि फाइल शेजारच्या दारात ठेवायची. वाचायचे हे आपलं म्हणायला. फाइल आपल्या घरी अडली तर पुढचे काय म्हणतील या धास्तीने माणूस आधी शिक्का मारतो आणि मग चपला घालतो. मीही तेच केलं. चौदा पानं बघितली, म्हटलं खेळ तर माझाच आहे, त्यात नवीन काय असणार. दारातच उभ्या उभ्या शिक्का मारला आणि फाइल ओत्सुबोसानच्या दारात नेऊन ठेवली.

दोन दिवसांनी टोफू आणायला गेलो तर ओत्सुबोसानने एक वडी जास्त घातली. म्हणाले, तुम्ही तुमचा जुना डाव पुसायला तयार झालात, त्याला मोठं मन लागतं. मी विचारलं, कुठला डाव. त्यांनी हात पुसले आणि माझ्याकडे बघायचं टाळलं.

फाइल गाठून उघडली तर कलम नऊ होतं. कुवाबारा यांनी यंत्र देण्याचे मान्य केले असून त्यावरील जुना डाव निवडीच्या वेळी पुसण्यात येईल. खेळ जुना आहे, त्यात एका वेळी एकच डाव राहतो. नवा मांडायचा तर जुना जातो. हे मीच हातोरीसानला सांगितलं होतं, नियम समजावताना. आणि खाली माझा शिक्का होता. लाल, सरळ, अजिबात न पुसटलेला.

फाइलचं काम इगाराशीसान बघतात. त्या नोबुएच्या शाळेपासूनच्या मैत्रीण. मी त्यांच्याकडे गेलो, म्हटलं माझा शिक्का परत घ्यायचा आहे. त्यांनी फाइल काढली, अडतीस शिक्के दाखवले. परत घ्यायचा तर तसा नवा कागद फिरवावा लागेल, त्याला तीन आठवडे, आणि निवड दहा दिवसांवर. शिवाय एकाने शिक्का परत घेतला की बाकीच्या सदतीस जणांनी वाचलं नव्हतं असं उघड होईल. ते कसं चालेल.

मग फाइल मिटून हळूच म्हणाल्या, "कोणी वाचत नाही हो. मी चार वर्षांपूर्वी एकदा घातलं होतं, की येत्या सोमवारपासून टेकडी बंदराच्या उत्तरेला हलवण्यात येईल."

"मग?"

"अडतीस शिक्के. हातोरीसानचा सगळ्यांत आधी."

त्या हसल्या, मीही हसलो. पण टेकडी जागेवर राहिली होती आणि डाव राहणार नव्हता.

हातोरीसानकडे गेलो. म्हटलं, दुसरं यंत्र बघा. तर असला खेळ आता कुठे मिळत नाही, हे त्यांनी आधीच तपासलं होतं. मग मी म्हटलं, खेळात सराव म्हणून एक भाग आहे. तिथे खेळलं तर काही साठवलं जात नाही आणि जुना डावही जात नाही. तिथे घ्या निवड. त्यांनी विचारलं, सरावात खेळणाऱ्यांची नावं येतात का. नाही येत. पाहुणा एक, पाहुणा दोन, असं येतं.

"पाहुणा क्रमांक दोन यांची अध्यक्षपदी निवड झाली, असं इतिवृत्तात लिहू मी?"

मग मी त्यांना नोबुच्या बोटीबद्दल सांगितलं. जेवढं सांगता आलं तेवढं. ते खाली बघून ऐकत राहिले, आणि मग म्हणाले की तुमच्या भावना मी पूर्णपणे समजू शकतो. आमच्याकडे नाही म्हणायची हीच रीत आहे. दारापर्यंत सोडायला आले, पाऊस नसताना छत्री देऊ केली.

दरम्यान ओत्सुबोसान माझ्याकडे हरण्याचा सराव करायला यायला लागले. दुकान दुपारी बंद असतं तेव्हा. सरावाच्या भागात खेळायचं म्हटल्यावर मी नाही म्हणू शकलो नाही. त्यांनी ठरवून प्रत्येक भोवऱ्यात बोट घातली, प्रत्येक शर्यतीत कंट्रोलर मांडीवर ठेवून चहा प्यायला. आणि वर्ष संपल्यावर तेच जिंकले.

ते घाबरले. मी पुस्तिका काढून दाखवली. वर्षाच्या शेवटी खेळ तीन कंदील दिलाशाचे देतो. सगळ्यांत जास्त वेळा भोवऱ्यात पडला त्याला एक, सगळ्यांत जास्त शर्यती हरला त्याला एक, आणि वाऱ्याने ढकललेली सोडून सगळ्यांत कमी घरं चालला त्याला एक. हरणाऱ्याचं मन राखायला.

"म्हणजे हरायचं तरी किती?" ते म्हणाले. "हरलो तर जिंकतो, जिंकलो तर जिंकतोच."

मी म्हटलं, मधोमध राहायचं. थोडं हरायचं, थोडं जिंकायचं, कोणाच्या नजरेत यायचं नाही. त्यांना ते ताबडतोब जमलं. आमच्या आळीत प्रत्येकाला ते लहानपणापासून येतं. त्यांनी ही गोष्ट हातोरीसानलाही सांगितली असावी, कारण दुसऱ्या दिवशी हातोरीसान भेटले तेव्हा त्यांनी दिलाशाच्या कंदिलांबद्दल काहीच विचारलं नाही. इगाराशीसानला कोणी सांगितलं नाही. मीही नाही. माझं डोकं दुसरीकडे होतं. त्या दहा दिवसांत एक रविवार आला, पण मला फासा टाकावासा वाटला नाही. यंत्र लावलं, 'नोबुची खेळी' येईपर्यंत थांबलो, आणि तसंच बंद केलं.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहाला आळीच्या सभागृहात निवड होती. मी यंत्र कापडात बांधून नेलं. तीसएक लोक जमले होते. आजवर कुठल्याच सभेला एवढे नव्हते. कारण आज धोका फक्त चौघांनाच होता. चहा होता, तांदळाच्या चकत्या होत्या, कोणीतरी मुळ्याचं लोणचं आणलं होतं. हातोरीसानने चौदा पानं वाचून दाखवली. लोकांनी पहिल्यांदाच ऐकली आणि पहिल्यांदाच ऐकतोय असं दाखवलं नाही.

मी वायरी जोडल्या. पडद्यावर समुद्र आला आणि खाली प्रश्न. जुना डाव आहे: शिगे, नोबु, सहासष्ट वर्षं पूर्ण. पुसून नवा मांडायचा का? 'हो'वर एक छोटा हात उघडमीट करत होता.

हातोरीसान म्हणाले की यंत्र कुवाबारासानच्या घरचं आहे, तेव्हा हे त्यांच्याच हातून व्हावं, इतरांनी हात लावणं बरं दिसणार नाही. खरंच ते सभ्यपणानेच म्हणाले. सगळे वाट बघत होते. कोणी चकती चावत नव्हतं. माझा अंगठा बटणावर होता. मी इंजिनांच्या दुरुस्तीत हजार वेळा चालू यंत्र बंद केलंय, तेवढंच तर करायचं होतं. अंगठा हलेना.

मी म्हटलं, "मी होतो अध्यक्ष."

आवाज माझा मलाच मोठा वाटला. हातोरीसानने विचारलं, काय म्हणालात. मी परत सांगितलं. डाव पुसू नका, अध्यक्ष मी होतो, एक वर्ष काय, म्हणाल तेवढी वर्षं.

लोकांना आनंद होईल असं मला वाटलं होतं. झाला नाही. सभागृहात एकदम अवघडलेपण आलं, जसं कोणी भर सभेत बुटांसकट चटईवर यावं. आपणहून होता येतं, असं एकदा दिसलं की इतक्या वर्षांचे खांदे, गुडघे आणि काड्या यांचं काय करायचं. मागे एकाने दुसऱ्याला विचारलेलं मी ऐकलं, की त्यांची तब्येत बरी आहे ना. हातोरीसानने सगळी पानं उलटली. आपणहून होणाऱ्या माणसासाठी एकही कलम नव्हतं. ते, ओत्सुबोसान आणि समितीचे आणखी दोघं बाहेर व्हरांड्यात गेले. दार ओढून घेतलं होतं, पण कागदाचं दार ते, आम्ही सगळे ऐकत होतो आणि ऐकत नसल्यासारखे बसलो होतो. ओत्सुबोसान म्हणत होते, "अहो, माणूस हो म्हणतोय. आता कलम काय शोधताय?"

परत आल्यावर हातोरीसानने सांगितलं की समिती कुवाबारासानच्या भावनेचा आदर करते, मात्र नियमांप्रमाणे खेळ झाल्याशिवाय निवड झाली असं लिहिता येणार नाही. तेव्हा खेळ व्हावा आणि कुवाबारासान जिंकावेत. मी म्हटलं, मग जुनाच डाव पुढे खेळू. चार बोटी आहेत, एक वर्ष खेळून बघा, वर्षाचा विजेता दाखवतातच. माझ्या बोटीवर माझं नाव आहे. बाकीच्यांची इतिवृत्तात लिहायची गरज नाही, कारण ते हरणारच आहेत. हातोरीसानने थोडा विचार केला. पाहुणा क्रमांक दोनला अडलेले ते, पण खेकड्याला अडले नाहीत. खेकडा त्यांनी घेतला, बगळा ओत्सुबोसानने.

राहिली लाल बोट. इगाराशीसानने दुसरा कंट्रोलर उचलला नाही. तो खाली चटईवर होता, त्याच्याकडे बघत त्या बसल्या.

"मी धरू का?" त्यांनी विचारलं.

"धरा."

चौदा महिन्यांनी तो कंट्रोलर कोणाच्या तरी हातात गेला. पडद्यावर 'नोबुची खेळी' आलं आणि मागच्या रांगेतल्या एका बाईने ते वाचलं, मोठ्याने. मग दर खेळीला सगळे वाचायला लागले. त्यांना वाटलं तशीच पद्धत असेल.

वर्ष सुरू झालं. मला जिंकवण्यासाठी तिघं इतके झटले की मला लाज वाटली. माकूळ वाळत घालायच्या शर्यतीत मी एकटाच काम करत होतो आणि लोक टाळ्या वाजवत होते. हातोरीसान बंदराच्या दाराशी येऊन वळसा घालून गेले. ओत्सुबोसान शिकवल्याप्रमाणे मधोमध. इगाराशीसानला कुठलं बटण कशाचं हेच कळत नव्हतं. त्या भोवऱ्यात पडायच्या, तोंडावर हात ठेवून हसायच्या आणि पुन्हा पडायच्या. वाट दुभंगली तेव्हा त्यांनी मला विचारलं, कुवाबारासान, कुठे वळू. मी सांगितलं. त्या तिकडेच वळल्या. नोबुए वळली नसती.

बारा रविवारांचा खेळ एका सकाळी संपला. माझे पाच कंदील झाले. लाल बोटीला वाऱ्याने ढकलत ढकलत तीनदा बंदरात नेलं होतं, तिचे तीन. खेकड्याचा एक, बगळ्याचे दोन. हातोरीसानने माझं नाव लिहायला पेन उघडलं. तेवढ्यात ढोल वाजला आणि दिलाशाचे कंदील निघाले. सगळ्यांत जास्त वेळा भोवऱ्यात, नोबु. सगळ्यांत जास्त शर्यती हरली, नोबु, कारण बाकी दोघांकडून चुकून एखाददुसरी जिंकली गेली होती. सगळ्यांत कमी घरं चालली, नोबु. तीन आणि तीन सहा.

या वर्षाची विजेती नोबु, असं पडद्यावर आलं.

इगाराशीसानने कंट्रोलर गरम तव्यासारखा खाली ठेवला. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, कारण हात तर त्यांचा होता. त्या म्हणाल्या की मी फक्त धरला होता, विचारून धरला होता, सगळ्यांनी ऐकलंय. ओत्सुबोसान छताकडे बघायला लागले. हातोरीसानने पानं उलटली आणि या वेळी त्यांना कलम सापडलं. सहावं. विजय बोटीवर ज्या घराचे नाव त्या घराचा समजावा, कंट्रोलर कोणाच्याही हातात असो. घर कुवाबारांचं. म्हणजे जे व्हायचं तेच झालं होतं. इगाराशीसानने सुटकेचा श्वास सोडला, तो शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला असेल.

पण कलम बारा राहिलं होतं. उरलेल्या उमेदवारांनी उठून विजेत्यास वाकून अभिवादन करावे. तिघं उठले, मग सगळं सभागृह उठलं, आणि मग कोणालाच कळेना की वाकायचं कुठे. ओत्सुबोसान माझ्याकडे वळले. मी मान हलवली. मी दुसरा आलो होतो. इगाराशीसान स्वतःच्या हाताकडे बघत होत्या. हातोरीसान कागद वाचत राहिले, जसं काही पुढच्या ओळीत दिशा दिलेली असेल. मग त्यांनी कागद खाली ठेवले, कोट सारखा केला, टीव्हीकडे वळले आणि कंबरेतून खोल वाकले. बरोबर कोनात, पस्तीस वर्षं नोकरीत वाकलेल्या माणसासारखे. त्यांच्यामागे सगळे वाकले. पडद्यावर लाल बोट सहा कंदील लावून गोल गोल फिरत होती.

मी वाकलो नाही. मला विजेतीच्या घरचा म्हणून उभं राहायचं होतं, बहुतेक. नियमात तसं काही नव्हतं.

बोट फिरायची थांबली आणि खाली ओळ आली, सदुसष्ट वर्षं पूर्ण, डाव साठवायचा का. लोक अजून वाकलेलेच होते. आधी कोणी सरळ व्हायचं हे ठरत नव्हतं. मी बटण दाबलं, साठवलं असं आल्याची खात्री केली आणि वायरी काढल्या. मग बसायची आसनं रचायला घेतली, कारण ते काम अध्यक्षाचं असतं.